बिल्ला आत, मी बाहेर

४ मे, सोमवार

ऑफिसात पोचले तर बोरकर सर माझ्याच खुर्चीत बसलेले. विकिरण सुरक्षेचं काम त्यांच्याकडे. एरवी मीटर घेऊन मशीनभोवती एक चक्कर मारतात, "सब ठीक" म्हणतात आणि चहाला जातात. आज चहा माझ्या टेबलावर गार होऊन पडलेला.

अंगावर पडलेली किरणं मोजणाऱ्या माझ्या बॅजचा जाने. ते मार्चचा रिपोर्ट आला. मर्यादेच्या वर. नुसता वर नाही, चांगलाच वर.

माझ्या संशोधक विद्यार्थिनीचा, पायलचा शून्य. सरांचा शून्य. माझाच.

सर म्हणाले, "मॅडम, घाबरू नका." या वाक्याने आजवर कोणाची भीती गेली आहे? आमच्या मायक्रो सीटीची पेटी शिशाची, दार उघडलं की एक्स-रे आपोआप बंद. बाहेर काही यायलाच नको. मग एक तर पेटी गळते, नाहीतर बॅज कधीतरी आत पडला होता. आठवून बघा म्हणाले. काय आठवू? छातीवर लटकणारी वस्तू कोण रोज आठवतं?

मग जाता जाता, जमिनीकडे बघत: "एक विचारावंच लागतं. माफ करा. म्हणजे... दिवस वगैरे?"

मी म्हटलं, "नाही."

इतक्या झटकन म्हटलं की मलाच कळलं नाही कोण बोललं.

५ मे, मंगळवार

झोप नाही. कूलर खडखडत होता, त्याच्यावर ढकललं.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल. रामनवमीला कळलं. माहीत फक्त तिघांना: मी, मंगेश, सासूबाई. आधीची दोन गेली. पहिल्या वेळी मंगेशने गांधीबागेच्या बाजारात दुकानाच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले होते, मग तेच लोक महिनाभर हळहळायला येत राहिले. साड्यांचा ठोक व्यापारी, पण त्या महिन्यात तो दुकानाच्या मागच्या दाराने ये-जा करायचा. दुसऱ्या वेळी सांगायची वेळच आली नाही. म्हणून यावेळी सासूबाईंचं फर्मान: "चौथा महिना लागेपर्यंत भिताडालेबी सांगायचं नाई. नजर दगड फोडते वं."

मी हो म्हटलं. शिकलेली बाई, तरी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

नियम नेमका उलटा. दिवस राहिले की ताबडतोब सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. नव्या विद्यार्थिनी आल्या की हा नियम त्यांना मीच वाचून दाखवते, आवाज चढवून.

आणि तो मणी. रामनवमीलाच सासूबाईंनी दृष्टीचा मणी मनगटाला बांधायला आणला. लॅबमध्ये नको म्हटलं. "मंग तुह्या बिल्ल्याले बांधतो," म्हणाल्या. बॅजच्या चिमट्याभोवती काळा दोरा चार वेळा गुंडाळला आणि काचेचा मणी खाली सोडला. त्यांच्या मते बिल्ला किरणं ओढून घेतो, म्हणजे तोही ताईतच. किती वेळा सांगितलं की तो वाचवत नाही, नुसता मोजतो.

"मोजून काय उपेग मंग?"



७ मे, गुरुवार

सरांनी पेटीभोवती मीटर फिरवला. दाराची फट, मागची बाजू, खाली वाकून तळ. मीटर गप्प. सर खूश. मी होऊ शकले नाही. पेटी आज गळत नाही एवढंच कळलं.

म्हणजे बॅज आत पडला असणार. पण कधी? त्यातलं कार्ड तीन महिन्यांची बेरीज सांगतं, दिवस सांगत नाही.

दुपारी डबा उघडला आणि एकदम सुचलं. बॅज आत पडलेला असताना मशीन चालू असेल, तर त्याचा फोटो निघाला असणार! मशीनचं कामच ते. फिरत्या चकतीवर संत्रं ठेवायचं, थोडं थोडं फिरवत शेकडो एक्स-रे काढायचे, मग संगणक ते जुळवून न कापता आतलं सगळं दाखवतो. मृग बहराची संत्री बाहेरून टवटवीत आणि आतून कोरडी का निघतात, रसाच्या पिशव्यांच्या भिंती कुठून जाड व्हायला लागतात, ते आम्ही बघतोय. तर संत्रं फिरतं. त्याच्याशिवाय जे काही आत असेल ते जागचं हलत नाही. मला न हलणारी सावली शोधायची आहे.

डबा तसाच राहिला. जानेवारीपासूनचे स्कॅन उघडायला घेतले. पायलने विचारलं काय करताय. तिची नजर घारीची. म्हटलं, बॅकअप तपासतेय. आणखी एक खोटं. सोमवारचं धरलं तर दुसरं.

घरी सासूबाई: "काहून वं, जेवत काहून नाई? पुन्हा संत्रंच पाहून राहिली का?" नरखेडच्या त्यांच्या मळ्यातलीच आहेत बरीचशी. एका फळाला तीन तास लागतात हे त्यांना कधीच पटलेलं नाही. "चाकू घे ना. तीन तासात तं मी टोपलं कापून दाखवतो."

८ मे, शुक्रवार

डॉक्टरबाईंकडे. मंगेश बरोबर. सोनोग्राफी झाली. ठोके आहेत. वाढ तारखेप्रमाणे. मी पडद्याकडे बघताना नेहमीसारखी चिरा आणि पोकळ्या शोधायला लागले. सवय. मग लाज वाटली.

बाईंना बॅजचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बॅजवरचं. तुमच्या अंगावर किती?"

"माहीत नाही."

"तो आकडा आणा. मग मी नीट सांगते. बहुतेक काही नसेल."

बहुतेक! मी स्वतः असा निष्कर्ष लिहिला असता तर पेपर परत आला असता.

गाडी सदरच्या चौकात आली. सिग्नलला मंगेश: "नोकरी सोडून दे. तुले आधीपासून सांगून राहिलो. दुकानात ये, गल्ल्यावर बस."

"आणि झालेलं कसं सोडू?"

मागचा हॉर्न वाजवत होता, हा हलेना. डोळे पुसत होता. मला वाटलं घाम. मी त्याच्यावर ओरडले, सिग्नल हिरवा झालाय म्हणून. घरी आल्यावर तो कूलरच्या टाकीत पाणी भरत बसला, टाकी भरून खाली सांडेपर्यंत.

९ मे, शनिवार

सुट्टी, तरी गेले. जानेवारी संपला. फेब्रु. अर्धा. काही नाही. एकदा वाटलं सापडलं, तर फळाखालच्या फोमचा तुकडा निघाला.

बाहेर रस्ता तव्यासारखा. स्कार्फ, गॉगल, हातमोजे घालून गाडीवर. उन्हापासून इतकं झाकून घेते! हसू आलं, मग रडू. चौकात गाडी बाजूला घेऊन उसाचा रस प्यायले.

१० मे, रवि.

घरी. कशातच जीव नाही. कैऱ्या किसायला घेतल्या, अर्ध्यावर सोडल्या. सासूबाई माझ्याकडे बघतात आणि विचारत नाहीत. बॅजचं त्यांना सांगितलेलं नाही. मंगेशला बजावलंय.

आतून सारखं वाटतं, कोणाला तरी खरं सांगावं. आणि सांगितलं की खरं होईल.

११ मे, सोमवार

सापडलं!!

सगळे पूर्ण स्कॅन संपले होते, हात हलवत घरी निघाले होते. आणि आठवलं, 'रद्द' नावाचा फोल्डर आहे. अर्धवट बंद पडलेले स्कॅन त्यात जातात, पुन्हा कोणी उघडून बघत नाही. ३१ मार्च, मंगळवार. मार्च एंडिंगची धावपळ. त्या दिवशी दाराचा स्विच ढिला होता, स्कॅन निम्म्यावर तुटला.

पहिला फोटो. मध्ये संत्रं. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यावर चिमट्याची आकृती. पुढचा फोटो: संत्रं थोडं फिरलेलं, चौकोन तिथेच. पुढचा. पुढचा. बिया फिरताहेत, फोडी फिरताहेत, चौकोन जागच्या जागी. आणि चौकोनाखाली एक छोटा गोल ठिपका लोंबतोय.

मणी. सासूबाईंचा काचेचा मणी.

फळ ठेवायला वाकले तेव्हा गळून डिटेक्टरसमोरच्या पट्टीवर पडला असणार. मी ओरडलेच. पायल धावत आली, तिला मिठी मारली. "मॅडम, काय झालं?" काही नाही म्हटलं, बॅकअप मिळाला.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. हिशेब केला. अर्धा स्कॅन, इतका वेळ झोतात, रिपोर्टातला आकडा साधारण जुळतो. "मॅडम, हा डोस बॅजचा. तुमचा नाही. मी तसं वर लिहून पाठवतो."

येताना संत्रा बर्फी घेतली. सासूबाई म्हणाल्या, आज काय? म्हटलं, असंच. दोन तुकडे खाल्ले, मळमळलं नाही. मंगेशने तिसरा भरवला. आज झोपेन.

१२ मे, मंगळवार

झोपले. छान झोपले. उठून चहा टाकला, दूध वर आलं, आणि एकदम उमगलं.

बॅज आत होता. म्हणजे माझ्या अंगावर नव्हता.

दूध उतू गेलं.

३१ मार्चची दुपार आता लख्ख आठवते, आधी का नाही आठवली? स्कॅन तुटल्यावर कंपनीचा इंजिनिअर आला होता. दाराचा स्विच बदलला. त्याला आतला स्क्रू दिसत नव्हता, म्हणून मोबाइलचा टॉर्च मीच धरला. दार सताड उघडं. झोत चालू असला की लागतो तो वरचा पिवळा दिवा तेव्हा लागलेला होता की नाही? दिवा डोळ्यांसमोर येतो. कधी पेटलेला, कधी विझलेला. जसा हवा तसा येतो.

इंजिनिअरला फोन लावला. नंबर लागेना. तिसऱ्यांदा लागला, कुठेतरी बसमध्ये होता.

"हां मॅडम, बॅज तो अंदर गिरा था. मैंने ही उठाके टेबल पे रखा. मुझे लगा आपको मालूम है."

"स्विच टेस्ट करताना बीम चालू होता?"

इथे तो थांबला. गाडीचा आवाज. "स्विच थोडी देर बायपास किया था, मॅडम. वो तो करना ही पड़ता है. मगर बीम बंद था. पक्का." मग: "मतलब, करीब करीब पक्का." बायपास, म्हणजे दार उघडं असूनही झोत लागू शकत होता.

करीब करीब. सगळ्या जगाकडून मला हेच मिळतंय. साधारण, बहुतेक, करीब करीब.

मशीनने फोटो काढला तर नोंद राहते, पण चाचणीपुरता झोत लावला तर तशी काही नोंद आमच्या मशीनमध्ये राहत नाही. पाहिलं. सगळं पाहिलं.

१३ मे, बुधवार

सरांच्या खोलीत गेले, दार लोटलं. उभ्यानेच: "सर, रिपोर्ट आला त्या सोमवारी तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोलले. आहे. तिसरा चालू आहे. ३१ मार्चलाही दिवस होते, आणि मला माहीत होतं." मग टॉर्चचं सांगितलं.

सर रागावतील असं वाटलं होतं. ते उठले आणि पंखा माझ्याकडे वळवला. ते रागावले का नाहीत याचाच मला राग आला.

"आमच्या सूनबाईनेही लपवलं होतं," एवढंच म्हणाले. मग कामाला लागले. बॅजचं उत्तर पाठवायचं थांबवलं. रक्ताची तपासणी आहे म्हणाले. पेशींमधल्या गुणसूत्रांच्या तुटी मोजतात, त्यावरून शरीराला खरोखर किती लागलं याचा अंदाज येतो. नमुना मुंबईला जातो. वेळ लागतो. फार थोडं लागलं असेल तर त्यातही दिसत नाही.

"म्हणजे शून्य आलं तरी शून्य नाही?"

"शून्य आलं तर चिंतेचं काही नाही असं आम्ही म्हणतो."

रक्त दिलं. तुटी मोजणार. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चिरा मोजल्या, आता माझ्या.

मशीनमध्ये फळं ठेवणं बंद, ते पायल करेल. मी बाहेर संगणकावर. आणि नवा बॅज. सर म्हणाले, "आता छातीवर नाही लावायचा. पोटावर. बाळाचा डोस तिथे मोजतात."

पोटावर! आमच्या मजल्यावर पोटावर बॅज म्हणजे काय हे शिपायालाही कळतं. माइक लावून सांगितल्यासारखंच. सासूबाईंना दिलेला शब्द. मी म्हटलं, सर, थोडे दिवस थांबू या, चौथा लागू दे. सरांनी बॅज ड्रॉवरमध्ये ठेवला.

१५ मे, शुक्रवार

काल दिवसभर बॅजशिवाय, मशीनच्या खोलीतही गेले नाही. कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझाऱ्या. पायल म्हणाली, मॅडम बसा ना. बसले नाही.

आज सासूबाईंना सांगितलं. ठरवून नाही. त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी विचारलं, तुह्या बिल्ल्याचा मणी कुठी हाय, दिसत नाई. मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. संत्रं, कोपऱ्यात चौकोन, खाली ठिपका.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे संत्रं. अन् हा... हा तं माहा मणी हाय वं!" हसल्या आधी. मग हळूहळू सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेले. टॉर्च, दार, इंजिनिअर, रक्त. त्यांनी मध्ये एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. मलाच लावावा लागला.

मग पर्समधला जुना बॅजचा चिमटा मागितला. दोरा गुंडाळलेलाच होता. तो उघडून, मिटवून बघितला. दाबून पाहिला. जाड दोऱ्यामुळे त्याची दोन तोंडं मिळतच नव्हती.

"ह्याच्यानं ढिला झाला का वं? दोऱ्यानं?"

त्यांच्या बोटांना लसणाचा वास. वय सत्तरीकडे. दोन वेळा माझ्याबरोबर दवाखान्यात रात्र काढलेली बाई.

"नाही आई," मी म्हटलं. "चिमटा जुनाच होता."

त्यांना पटलं नाही हे मला कळलं. त्यांनी दाताने गाठ तोडली, दोरा उलगडला, मणी सुटा करून पोह्यांच्या डब्यावर ठेवला. पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मग मान वर न करता: "नवा बिल्ला देल्ला म्हनते ना सायबानं. मंग लावत काहून नाई?"

सांगितलं, पोटावर लावावा लागतो. सगळ्यांना कळेल. चौथा अजून लागायचा आहे.

"लागू दे तवा लागन. कळू दे. तो मोजते म्हनते ना तू? मंग ज्याचं मोजाचं हाय त्याच्यापाशी लाव."

मी लसणाच्या साली गोळा केल्या. नजरेचं काय, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. त्याच म्हणाल्या, "नजर लागाची तं लपून असलं तरी लागते. दोन डाव पायलं ना."

मंगेश आला तेव्हा आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो. तो दारातच थांबला. "काय झालं?" सासूबाई म्हणाल्या, "हात धू."

१७ मे, रवि.

मुंबईहून काही नाही. एवढ्यात येणारही नाही हे माहीत आहे. तरी मेल दर तासाला उघडते.

इंजिनिअरचा आपणहून फोन. म्हणे, मॅडम, बहुत सोचा, बीम बंद ही था. मी विचारलं, दिवा? "लाइट... लाइट का याद नहीं आ रहा." बिचारा. त्यालाही झोप नसावी. त्याला म्हटलं, ठीक आहे. ठीक काही नाही.

१८ मे, सोमवार

सकाळी सासूबाईंनीच पिन लावून दिली. चिमट्यावर त्यांचा आता विश्वास नाही. मोठी सेफ्टी पिन, साडीच्या निऱ्यांच्या वर, बॅज आडवा. दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मणी नाही, दोरा नाही. मी म्हटलं, बांधा की, आता पिनेला बांधलं तर काय होतं? तर म्हणाल्या, "जा वं, उशीर होऊन राहिला."

गेटवरचा चौकीदार बघतच राहिला. लिफ्टमध्ये अकाउंट्सच्या बाई बॅजकडे, मग माझ्या तोंडाकडे, मग परत बॅजकडे. हात सारखा पोटाकडे जात होता, झाकायला. मुद्दाम खाली सोडला. काय वाटलं ते लिहिते: भीती वाटली. आणि मोकळंही वाटलं, दोन्ही एकदम.

बोरकर सरांनी नवं कार्ड घालून दिलं. कोरं. आजपासून पुढचं ते मोजेल. ३१ मार्चच्या दुपारचं काय ते मुंबईला गेलंय, माझ्या रक्तात. कदाचित रक्तालाही माहीत नसेल.

मेल उघडून पाहिला. नाही.

मशीनच्या खोलीत गेले. पायल संत्रं बसवत होती. वळून बघितलं, माझ्या पोटावरचा बॅज दिसला, हातातलं संत्रं तसंच राहिलं. तिने फळ चकतीवर ठेवलं, पेटीचं दार लावलं, हँडल दोनदा ओढून पाहिलं. मग माझी खुर्ची उचलली आणि मशीनपासून लांब, खिडकीपाशी नेऊन ठेवली.

पिवळा दिवा लागला. आज मी तो नीट पाहिला.